परवलीचा शब्द आणि त्याची पेटी

परवलीचा शब्द ही काही आजची वस्तू नव्हे. रात्रीच्या वेळी पहारेकरी हटकतो, "कोण आहे?" येणाऱ्याने ठरलेला शब्द उच्चारला की त्याची वाट मोकळी होते, नाही उच्चारला तर तो परका. ह्या शब्दालाच आज आपण सर्रास पासवर्ड म्हणतो. पहारेकऱ्याच्या जागी यंत्र आले, एवढाच फरक.

एवढाच म्हटले खरे, पण आणखी एक फरक आहे आणि तो फार मोठा आहे. छावणीचा शब्द एका छावणीला एक असे, आणि तोही एका रात्रीपुरता. आज एखाद्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना विचारा. शाळेची माहिती भरायची यू-डायसवर, पगाराची बिले शालार्थवर. त्याशिवाय घरची बँक, मेल, विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, मुलीच्या परीक्षेचा अर्ज. जिथे जावे तिथे दारात पहारेकरी उभा, आणि प्रत्येकाला निराळा शब्द हवा. मग माणूस काय करतो? सगळीकडे एकच शब्द घालतो. बहुधा मुलाचे नाव आणि पुढे त्याचे जन्मसाल. नाहीतर शब्द चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी शाळेच्या कॉम्प्युटरलाच चिकटवून ठेवतो.

ह्या अडचणीवर पासवर्ड मॅनेजर नावाचा एक प्रोग्रॅम मिळतो. मी त्याला साध्या भाषेत पेटी म्हणणार आहे. सगळे शब्द पेटीत घालायचे, पेटीला एक कुलूप, आणि त्या कुलपाचा एक मुख्य शब्द तेवढा आपण पाठ ठेवायचा. कल्पना सोपी आहे. पण बाजारात अशा पेट्या पुष्कळ आहेत, आणि कॉम्प्युटर व मोबाइल ह्या दोन्हींवर चालेल अशी कोणती घ्यावी, हे भल्याभल्यांना ठरवता येत नाही. त्याचे उत्तर मी इतिहासातून काढणार आहे. पेटी निवडताना जे जे विचारले पाहिजे, ते ते कोणाच्या ना कोणाच्या फजितीने आपल्याला शिकवले आहे.

आधी रोमकडे जाऊ. पॉलिबियस ह्या ग्रीक इतिहासकाराने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात रोमन छावणीची शिस्त बारकाईने लिहून ठेवली आहे. सूर्यास्ताच्या सुमारास टोकाच्या तुकडीतला एक नेमलेला माणूस अधिकाऱ्याच्या तंबूकडे जाई. त्याला त्यासाठी पहाऱ्याच्या कामातून सूट असे. अधिकारी त्याला एक लाकडी पाटी देई, तिच्यावर त्या रात्रीचा शब्द. तो ती पाटी साक्षीदारांसमोर शेजारच्या तुकडीच्या नायकाला देई, तो पुढच्याला, असे करीत करीत पाटी अधिकाऱ्याच्या तंबूजवळच्या पहिल्या तुकडीपर्यंत येई आणि अंधार पडण्याआधी अधिकाऱ्याच्या हाती परत जाई. सगळ्या पाट्या परतल्या म्हणजे शब्द सर्वांना पोचला. एखादी परतली नाही तर ती कुठे अडली ते लगेच शोधून काढीत, आणि ज्याच्यामुळे अडली त्याला शिक्षा होई.

ह्यात शब्दापेक्षा पाटीचा हिशेब मोठा आहे, हे ध्यानात घ्या. शब्द कुठून कुठे गेला, कोणाच्या हातून गेला, परत आला की नाही, ह्याची रोज संध्याकाळी मोजदाद. आपल्याकडे शिवकालीन गडांवरही कुलूपकिल्ल्यांची अशीच काळजी दिसते. सभासदाच्या बखरीत गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एका दर्जाचे नेमल्याचे सांगितले आहे. किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात. पण तो एकटा फितूर झाला म्हणून गड जाऊ नये, अशी ती रचना. ह्या तिघांची आठवण ठेवा, पुढे कामास येईल.

आता एकदम १९६१ सालात येऊ. अमेरिकेतल्या एमआयटी ह्या विद्यापीठात फर्नांडो कोर्बातो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे एक खोली भरेल एवढे यंत्र, आणि ते एका वेळी एकाच माणसाचे काम करी. कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी युक्ती काढली की एकच यंत्र पुष्कळांनी एकाच वेळी वापरावे. पण मग प्रत्येकाचे कागदपत्र निराळे कसे ठेवायचे? एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे आली की प्रत्येक खोलीला कुलूप लागते, तसे त्यांनी प्रत्येकाला एक पासवर्ड दिला. आजच्या पासवर्डांचा वंश साधारणपणे तिथपर्यंत नेऊन पोचवतात.

आणि पहिली चोरीही तिथलीच, बरं का. ॲलन शेर नावाचा एक संशोधक होता. यंत्रावर प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळे, आणि त्याला तो पुरत नसे. १९६२ साली त्याने यंत्राला चक्क पासवर्डांची यादी छापून देण्याचा हुकूम केला. यंत्राने ती छापून दिली! मग दुसऱ्यांच्या नावावर त्याने आपले काम उरकले. पुष्कळ वर्षांनी त्याने स्वतःच हे सांगून टाकले.

त्यानंतर काही वर्षांनी त्याच यंत्रावर ह्याहून मोठी फजिती झाली. यंत्र सुरू केले की रोज एक सूचना छापली जाई: आज अमुक वेळी यंत्र बंद राहील, वगैरे. एकदा दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळी टिपणे दुरुस्त करीत होते. एकाचे टिपण ही रोजची सूचना, दुसऱ्याचे टिपण पासवर्डांची यादी. दोन्ही कामांचा कच्चा मसुदा यंत्र एकाच नावाने ठेवीत असे. मसुद्यांची अदलाबदल झाली, आणि जो कोणी यंत्रासमोर बसेल त्याच्यापुढे सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. शेवटी यंत्र बंद करावे लागले आणि प्रत्येकाचा शब्द बदलावा लागला. कोर्बातोंनी ही हकीकत नंतर एका जाहीर व्याख्यानात सांगितली.

ह्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. यादी उघड्या अक्षरांत ठेवलेली होती, हाच दोष. उघडी यादी कधी ना कधी फुटतेच.

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडम यांनी ह्याच दशकात त्यावर तोड काढली. ती समजायला जात्याचा दाखला पुरे. गहू दळला की पीठ होते. पिठाचा पुन्हा गहू करता येत नाही. पण तोच गहू त्याच जात्यावर दळला तर तेच पीठ पडते. यंत्राने शब्द ठेवूच नये, शब्दाचे पीठ तेवढे ठेवावे. माणूस आला, त्याने शब्द सांगितला, तो दळून पाहावा, पीठ जुळले तर दार उघडावे. यादी चोरीला गेली तरी चोराच्या हाती पीठच लागेल.

झकास! पण चोरही काही बसून राहत नाही. तो गावातले सगळे धान्य आणून एकेक दळून पाहतो आणि कोणते पीठ जुळते ते शोधतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन ह्या दोघांनी १९७९ साली एक लेख लिहिला, त्यात ही परीक्षा करून दाखवली आहे. त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतले २,८३१, म्हणजे शेकडा ८६, सहज ओळखता येण्यासारखे निघाले. कोणाचा शब्द नुसता चार अक्षरांचा, कोणाचा शब्दकोशातला. पंधराजणांचा तर अख्खा पासवर्ड एकाच अक्षराचा होता! ही माणसे अडाणी नव्हती. कॉम्प्युटरवर काम करणारी शिकलीसवरलेली माणसे होती. तेव्हा आपल्या गावच्या माणसाने मुलाचे नाव घातले म्हणून त्याला हसण्याचे कारण नाही.

त्यावर मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, जाते मुद्दाम जड करा. मालकाला एकदाच दळायचे आहे, त्याला क्षणभर उशीर झाला तर बिघडत नाही. चोराला लाख वेळा दळायचे आहे, त्याचे हात मोडतील. दुसरे, प्रत्येकाच्या दळणात निराळे मीठ घाला. ह्याला इंग्रजीत खरोखरच मीठ असेच म्हणतात. मीठ निराळे असले की दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ निराळे पडते, आणि एका दळणात चोराला सगळ्या गावाचा शोध लागत नाही. हे जड जाते पुढे पुन्हा येणार आहे.

इथे इतिहासाने एक थट्टा केली आहे. २ नोव्हेंबर १९८८ ला अमेरिकेतले हजारो कॉम्प्युटर एका प्रोग्रॅमने जाम केले. तो यंत्रातून यंत्रात आपोआप शिरत असे. शिरण्याचे त्याचे मार्ग अनेक होते, पण त्यांतला एक म्हणजे पासवर्ड ओळखणे. त्यासाठी ४३२ शब्दांची एक यादी त्याने बरोबरच बांधून आणली होती. हा प्रोग्रॅम लिहिणारा विद्यार्थी कोण? रॉबर्ट टॅपन मॉरिस. म्हणजे ज्यांनी नऊ वर्षांपूर्वी सोप्या शब्दांचा धोका दाखवला, त्याच मॉरिस यांचा मुलगा.

तोपर्यंत प्रश्न विद्यापीठांचा आणि कचेऱ्यांचा होता. १९९० नंतर इंटरनेट घराघरांत गेले आणि प्रत्येक दुकान, प्रत्येक बँक आपापला शब्द मागू लागली. माणसाची स्मरणशक्ती मात्र होती तेवढीच राहिली. मग एकच शब्द सगळीकडे घालण्याची चाल पडली. तिच्यात धोका काय आहे ते २००९ च्या डिसेंबरात दिसले. रॉकयू नावाच्या एका अमेरिकन कंपनीच्या भांडारातून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, आणि ते पीठ न करता, उघड्या अक्षरांत ठेवलेले होते. सर्वांत जास्त लोकांनी निवडलेला शब्द होता १२३४५६. आता अशा कंपनीत तुमचा शब्द गेला तर तुमचे काय गेले? गाणी नाहीतर खेळ, एवढेच. पण चोर तोच शब्द घेऊन तुमच्या मेलच्या दारात उभा राहतो, मग बँकेच्या दारात. हे काम तो हाताने करीत नाही, यंत्राकडून करवतो, म्हणून "माझ्यासारख्या गरिबाकडे कोण येणार?" हे म्हणणे इथे चालत नाही. यंत्र गरीब-श्रीमंत पाहत नाही, ते सगळीच दारे ढकलून बघते.

मध्यंतरी सरकारी शहाणपणानेही थोडा घोळ घातला. २००३ साली अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतल्या बिल बर यांनी नियम लिहिले: शब्दात मोठे अक्षर हवे, आकडा हवा, चिन्ह हवे, आणि तो वेळोवेळी बदलावा. साऱ्या जगाने ते उचलले. लोकांनी काय केले? जुन्याच शब्दापुढे १ लावला, पुढच्या वेळी २ लावला. २०१७ मध्ये त्याच संस्थेने हे नियम मागे घेतले, आणि बर यांनीही आपला सल्ला चुकला असे उघडपणे कबूल केले. नव्या नियमांत म्हटले आहे की शब्द लांब असावा, उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये, आणि पेटीतून आणलेला शब्द चिकटवायला मुभा असावी. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अजून जुनाच खाक्या चालू आहे, ते असो.

आता पेटीकडे वळू. ब्रूस श्नायर हे अमेरिकेतले सांकेतिक लिपीचे नामांकित जाणकार. १९९७ साली त्यांनी पासवर्ड सेफ नावाची पेटी फुकट उपलब्ध करून दिली. तिच्यात आणि आजच्या पेट्यांत तत्त्व एकच आहे. तुमचा मुख्य शब्द हजारो वेळा दळून त्यातून एक किल्ली तयार होते, त्या किल्लीने पेटीतले सारे कागद अशा रूपात बदलतात की किल्लीवाचून ते कोणाला वाचता येऊ नयेत. मुख्य शब्द पेटीत कुठेही लिहिलेला नसतो. तो विसरलात तर पेटी करणाराही ती उघडू शकत नाही. पुष्कळांना हा दोष वाटतो. मला विचाराल तर हाच पेटीचा पहिला गुण. जी कंपनी "काळजी करू नका, विसरलात तर आम्ही उघडून देऊ" असे म्हणते, तिच्याकडे दुसरी किल्ली आहे हे समजून चालावे.

ह्याच श्नायर यांनी २००५ साली आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून पुष्कळ शहाणे दचकले. ते म्हणाले, शब्द अवघड करा आणि कागदावर लिहून पाकिटात ठेवा. माणूस पैसे सांभाळतो, तसाच तो कागदाचा कपटाही सांभाळतो. आणि ज्या कोर्बातोंपासून हे सगळे सुरू झाले, त्यांनीही २०१४ साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी, एका वर्तमानपत्राला सांगितले की आपले दीडशेच्या आसपास पासवर्ड आपण कागदावर टिपून ठेवतो, आणि इंटरनेटवर हा सगळा प्रकार एक दुःस्वप्न होऊन बसला आहे. तेव्हा आजोबांची कपाटातली वही ही काही लाजेची गोष्ट नाही. घरात कुलपात असलेल्या वहीपर्यंत दूरदेशीचा चोर पोचत नाही. मात्र वही विहिरीवर, बाजारात, बसमध्ये सोबत येत नाही, तिची नक्कल नसते, आणि खोट्या दारापुढे ती सावध करीत नाही. पेटीचा हा शेवटचा उपयोग लोकांना ठाऊक नसतो. बँकेच्या नावाचे हुबेहूब खोटे पान कोणी पाठवले, तर माणूस फसतो. पेटी पत्ता ताडून पाहते, आणि पत्ता खरा नसला तर शब्द पुढे करीतच नाही. पेटी गप्प बसली की आपणही थबकावे.

२००३ साली डॉमिनिक राइशेल या जर्मन प्रोग्रॅमरने कीपास नावाची पेटी काढली. तीही फुकट, आणि तिच्या कुलपाची सगळी रचना उघडी. कोणीही वाचून पाहावी. आता तुम्ही म्हणाल, कुलपाची रचना चोराला दाखवायची? ह्याचे उत्तर एका मास्तरांनी देऊन ठेवले आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स हे जन्माने डच, फ्रान्समध्ये भाषा शिकवीत. १८८३ साली त्यांनी लष्करी सांकेतिक लिपीवर लिहिताना सांगितले की सगळी योजना शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी ती असावी; गुप्त राहायची ती फक्त किल्ली. रचना लपवून जे कुलूप सुरक्षित राहते ते मुळात सुरक्षित नाही. चार जाणत्या लोहारांनी उघडून पाहिलेले कुलूप बरे, की "आतले विचारू नका" म्हणणाऱ्या दुकानदाराचे?

इथवर पेटी एका कॉम्प्युटरवर होती. २००७-०८ पासून नव्या तऱ्हेचे मोबाइल आले आणि माणसाजवळ दोन यंत्रे झाली. शब्द दोन्हीकडे हवे. त्याला दोनच वाटा आहेत. एक, पेटी आपणच उचलून इकडून तिकडे न्यावी. कीपासची तशी रीत आहे. कॉम्प्युटरवर कीपासएक्ससी, अँड्रॉइडवर कीपासडीएक्स, आणि दोन्ही तीच एक फाइल उघडतात. दुसरी वाट, पेटी एखाद्या कंपनीच्या कोठारात ठेवावी आणि दोन्ही यंत्रांनी तिथून घ्यावी. वनपासवर्ड, लास्टपास, २०१६ साली निघालेली बिटवॉर्डन ही ह्या वाटेवरची नावे. पहिल्या वाटेत मालकी पूर्ण आपली, पण फाइल सांभाळण्याची आणि तिची नक्कल ठेवण्याची जबाबदारीही आपली. दुसऱ्या वाटेत सोय मोठी, पण कोठार दुसऱ्याचे.

कोठार दुसऱ्याचे असले की काय होते, ते लास्टपासच्या गोष्टीवरून पाहू. ही पेटी २००८ साली आली आणि फार लोकप्रिय झाली, कारण ती फुकट होती. १६ मार्च २०२१ पासून कंपनीने फुकटच्या गिऱ्हाइकांना सांगितले, की कॉम्प्युटर किंवा मोबाइल ह्यांपैकी एक निवडा. दोन्हीकडे हवी तर पैसे भरा. कंपनीला पैसे मागण्याचा हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याने आपले सारे शब्द तिच्यात ठेवले, तो एका सकाळी कोंडीत सापडला, हेही खरे.

पुढच्याच वर्षी अनर्थ झाला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चोर कंपनीच्या प्रोग्रॅमरच्या खात्यातून आत शिरले. तेव्हा गिऱ्हाइकांच्या पेट्यांना धक्का लागलेला नाही, असे कंपनीने कळवले. पण चोरांनी तिथे मिळालेल्या माहितीवरून पुढचा डाव रचला. कोठाराच्या नकला उघडण्याच्या किल्ल्या कंपनीतल्या अवघ्या चार जणांपर्यंत पोचत होत्या. त्यांतल्या एकाच्या घरच्या कॉम्प्युटरवर करमणुकीचा एक जुना प्रोग्रॅम होता, त्याच्या भोकातून चोर आत आले, आणि त्या माणसाने आपला मुख्य शब्द टाइप केला तसा तो टिपून घेतला. गडाचे तिघे अधिकारी आठवतात ना? तिथे एकाच्या फितुरीने गड जाऊ नये अशी योजना होती. इथे चार जणांपैकी एकाच्या घरच्या खिडकीतून कोठार गेले. आणि तो बिचारा फितूरसुद्धा नव्हता. २२ डिसेंबरला, लोक नाताळच्या गडबडीत असताना, कंपनीने जाहीर केले की गिऱ्हाइकांच्या पेट्यांच्या नकला चोरीस गेल्या आहेत.

आता नीट ऐका, कारण निवड करायची ती इथूनच. पेट्या गेल्या, पण कुलूपबंद गेल्या. ज्यांचा मुख्य शब्द लांब आणि बेअंदाज होता, त्यांची पेटी चोराला नुसता दगड. ज्यांचा शब्द कच्चा होता त्यांची पेटी धोक्यात. त्यात आणखी, नव्या खात्यांत मुख्य शब्द एक लाखाहून जास्त वेळा दळला जात होता, पण काही जुन्या खात्यांत ती गणती पाच हजारांवर, काहींत त्याहूनही खाली राहून गेली होती. जड जात्याचा धडा १९७९ चा. तो २०२२ मध्ये पुन्हा गिरवावा लागला. शिवाय कोणत्या संकेतस्थळाचा शब्द आहे ते पत्ते ह्या पेटीत उघडेच ठेवलेले होते. म्हणजे चोराला आतले दागिने दिसेनात, पण डबीवरच्या चिठ्ठ्या वाचता आल्या: ही बँकेची, ही पोस्टाची.

पेट्या चोरीलाच जातात असे नाही, कधी दुकानच बंद होते. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑथेंटिकेटर ह्या मोबाइल ॲपमधली पासवर्ड ठेवण्याची सोय २०२५ च्या ऑगस्टपर्यंत काढून घेतली. ड्रॉपबॉक्सची पेटी २८ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. म्हणून पेटी घेण्याआधीच तिच्यातून सगळे शब्द बाहेर कसे काढायचे ते पाहून ठेवावे. मात्र काढलेली यादी उघड्या अक्षरांत असते. तिचे काम झाले की ती लगेच पुसून टाका. ॲलन शेरच्या हाती लागली होती ती अशीच यादी.

मग घ्यावी कोणती? ज्याच्याजवळ एकच अँड्रॉइड मोबाइल आहे, त्याने गूगलची मोबाइलमधलीच पेटी वापरावी. तिची किल्ली साधारणपणे गूगलच सांभाळते, कीपाससारखी ती सर्वस्वी आपल्या हाती राहत नाही. तरी सगळीकडे एकच शब्द घालण्यापेक्षा ती कितीतरी चांगली. ॲपलचा फोन असेल तर २०२४ पासून त्यात पासवर्ड्स नावाचे निराळे ॲपच आहे. मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्ही वापरणाऱ्या शिक्षकाला मी बिटवॉर्डन सुचवीन: रचना उघडी, किल्ली आपल्याजवळ, आणि फुकटच्या खात्यावरही कितीही यंत्रांवर चालते, निदान हे लिहिताना तरी. ज्याला फाइली हाताळण्याची सवय आहे आणि दुसऱ्याचे कोठार नकोच आहे, त्याने कीपास घ्यावी आणि पेनड्राइव्हवर नक्कल ठेवावी. शाळेच्या किंवा सेवा केंद्राच्या सामाईक कॉम्प्युटरवर मात्र ब्राउझरने "शब्द लक्षात ठेवू का?" विचारले तर नेहमी नाही म्हणा.

मुख्य शब्द कसा असावा? १९९५ साली आर्नल्ड राइनहोल्ड यांनी फाशांची रीत काढली. फासा पाच वेळा टाकायचा, जो आकडा येईल त्या क्रमांकाचा शब्द यादीतून घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द. असे पाच-सहा शब्द जोडले की झाले. आपल्याला यादी नको असेल तर एखादे जाड पुस्तक डोळे मिटून पाच-सहा वेळा उघडावे आणि बोट पडेल तो शब्द घ्यावा. आपण "सुचलेले" शब्द घेऊ नयेत, कारण सगळ्यांना तेच सुचतात. हरिपाठाची किंवा आरतीची ओळ तर मुळीच नको. ती साऱ्या गावाला पाठ आहे. यूपीआयचा पिन चार-सहा आकडी असतो, तो पेटीत न ठेवता पाठच असू द्या. मुख्य शब्द एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून, घरच्या दागिन्यांबरोबर ठेवा आणि घरातल्या एका माणसाला ते ठाऊक असू द्या. पूर्वी म्हातारा माणूस धन पुरून ठेवी आणि जागा न सांगताच जाई, त्याचे हाल मुलाबाळांनी भोगले आहेत.

२०२२ च्या मे महिन्यात ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी पासकी नावाच्या नव्या रीतीला एकत्र पाठिंबा दिला. तिच्यात सांगायचा शब्दच नाही. फोन आणि पहारेकरी आपसांत ओळख पटवतात, आपण बोट टेकवायचे. ती पसरते आहे, पण सगळी दारे अजून तशी झालेली नाहीत, आणि त्या किल्ल्याही बहुधा ह्याच पेट्यांत राहतात.

सुरुवात करताना सगळे एका दिवशी बदलायला जाऊ नका. पहिल्या दिवशी फक्त मेलचा शब्द बदला आणि पेटीत घाला, कारण बाकी बहुतेक दारांचे "विसरलो" म्हणून येणारे पत्र मेलवरच येते. मग बँक. बाकीचे जसजसे काम पडेल तसतसे. शाळेचे शब्द आपल्या घरच्या पेटीत मिसळू नका. मुख्याध्यापकांची बदली होते, यू-डायसचा शब्द त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातो, आणि नवे मुख्याध्यापक माहिती भरण्याच्या शेवटच्या तारखेला फोनाफोनी करीत बसतात. शाळेची पेटी निराळी करा, तिचा मुख्य शब्द मोहोरबंद पाकिटात शाळेच्या कपाटात ठेवा, चार्ज यादीत कपाटाच्या किल्ल्यांच्या खाली त्याची एक ओळ घाला, आणि नव्या माणसाने चार्ज घेतल्या दिवशीच तो बदलावा.